फिक्के चौथा हिस्सा, वाकडे सगळेच

तीस तासांचा झेब्राफिशचा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली कुशीवर पडलेला असला की डोक्याच्या मागून शेपटीच्या टोकापर्यंत एक पारदर्शक दांडी सरळ गेलेली दिसते. हे नोटोकॉर्ड. पुढे त्याच्याभोवती मणके घडतात. या वयात मात्र शरीराला ताठ ठेवायला तेवढंच असतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅब उघडली आणि पहिल्यांदा लावलेल्या जोड्यांची अंडी तपासायला घेतली, तर जवळजवळ प्रत्येक भ्रूणात ही दांडी नागमोडी झालेली. काही भ्रूणांत ती तशी असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, जोड्या त्यासाठीच लावल्या होत्या. सगळ्यांत ती तशी असणं मात्र आनुवंशिकतेच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

हिशेब असा. नाशिकमधल्या आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात झेब्राफिशची एक छोटी खोली आहे. तिथे साध्या माशांबरोबर एक वाण असं ठेवलं आहे, ज्याच्या एटीपी७ए या जनुकातले सात बेस, म्हणजे डीएनएची सात अक्षरं, क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने गळालेले आहेत. पेशी ही अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचते. सात तीनने भागले जात नाहीत, म्हणून तिथून पुढची वाचनचौकट सरकते आणि प्रथिन अर्धवट राहतं. हे प्रथिन म्हणजे पेशीतला तांब्याचा पंप. ज्या एन्झाइमना काम करायला तांबं लागतं, त्यांच्यापर्यंत ते पोचवायचं हे याचं काम. माणसात हे जनुक बिघडलं की मेन्केस नावाचा आजार होतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो बहुतेक मुलग्यांना होतो. केस ठिसूळ, पिळलेले आणि बिनरंगाचे, त्वचा फिकट, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, आणि मेंदूची वाढ खुंटलेली. झेब्राफिशमधला याचाच जोडीदार २००६ मध्ये जोनाथन गिटलिन यांच्या गटाने दाखवला. त्या उत्परिवर्तित वाणाचं नाव कॅलॅमिटी. भ्रूणाच्या अंगावर काळा रंग नाही आणि नोटोकॉर्ड वाकडंतिकडं. साध्या भ्रूणांना निओक्युप्रोइन हे तांबं पकडून ठेवणारं रसायन दिलं तरी हुबेहूब तेच दिसतं, हेही त्याच कामात आलं होतं.

रंग आणि दांडी ही दोन लक्षणं एका जनुकातून येतात, कारण दोन्हीकडची एन्झाइम तांब्यावर चालतात. काळा रंग बनवणारं टायरोसिनेज आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट टाचणारं लायसिल ऑक्सिडेज. नोटोकॉर्डच्या आतल्या पेशींमध्ये पाण्याने भरलेले मोठे फुगे असतात, बाहेरून कोलॅजेनचं आवरण असतं. सायकलच्या ट्यूबला टायर धरून ठेवतो, तसं आतल्या दाबाला हे आवरण धरतं. टाचण कच्ची राहिली की आवरण सैल पडतं आणि दांडी वाकते.

माशात हे जनुक लिंगाशी जोडलेलं नाही. त्यामुळे एक बिघडलेली आणि एक चांगली प्रत असलेले नर-मादी एकत्र आणले की पिल्लांपैकी चौथ्या हिश्श्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात. ते चौथा हिस्सा फिक्के आणि वाकडे, बाकीचे तीन हिस्से व्यवस्थित. विद्यार्थ्यांना मेंडेल फळ्यावर शिकवण्यापेक्षा डिशमध्ये मोजून शिकवावा, म्हणून हे वाण आम्ही मुद्दाम जपतो.

अंडी मिळवण्याचं काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं. खोलीतले दिवे १४ तास चालू आणि १० तास बंद असतात. संध्याकाळी छोट्या डब्यात जाळीच्या तळाचा दुसरा डबा बसवायचा, मध्ये पारदर्शक पडदा, एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. वीस ते तीस मिनिटांत अंडी पडायला लागतात आणि जाळीतून खाली जातात. जाळी यासाठीच, नाहीतर मासे आपलीच अंडी खाऊन टाकतात. चांगली पोसलेली मादी एका वेळी शंभर ते दोनशे अंडी सहज देते, पण तिला आठवडाभर विश्रांती हवी. रोज लावली तर अंडी कमी आणि कच्ची येतात. चहाच्या बारीक गाळणीत अंडी गाळायची, स्वच्छ पाण्याने धुवायची आणि १०० मिलिमीटरच्या पेट्रीडिशमध्ये ३० मिलिलिटर ई३ घालून त्यात पन्नास-साठ ठेवायची. त्याहून जास्त कोंबली की एक-दोन मेलेली अंडी पाणी नासवतात आणि बाकीच्यांना घेऊन जातात. दुपारपर्यंत पांढरी, अपारदर्शक झालेली अंडी पिपेटने काढून टाकायची.

ई३ म्हणजे भ्रूणांचं पाणी. साठपट घट्ट द्रावण दोन लिटर करायचं तर मीठ ३४.८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.६ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ५.८ ग्रॅम आणि मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ९.७८ ग्रॅम, पीएच ७.२. एका लिटरला यातलं १६.५ मिलिलिटर लागतं. बुरशी येऊ नये म्हणून एक टक्का मिथिलीन ब्लू १०० मायक्रोलिटर. आमच्याकडे तोटी असलेल्या वीस लिटरच्या कॅनमध्ये आरओचं पाणी भरून त्यात ३३० मिलिलिटर घट्ट द्रावण आणि दोन मिलिलिटर मिथिलीन ब्लू घालतात. तोटीला नळी लावलेली असते, ती धरून डिश भरल्या जातात. हा कॅन आणि ही नळी या गोष्टीत पुढे येणार आहेत.

अंडी सकाळी साडेनऊची, म्हणजे तीस तास दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला भरले. पहिली डिश एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने लावली. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, वाकडे मोजायचे की सरळ? सरळच कमी आहेत."

सूक्ष्मदर्शकापाशी बसून मी पाहिलं. नोटोकॉर्ड धडाच्या मधल्या भागापर्यंत ठीक, तिथून मागे बारीक लाटा. शेपटीकडे लाटा जवळजवळ आणि उंच. दोन्ही बाजूंचे स्नायूंचे खंड त्या वळणांबरोबर दाबले गेलेले, इंग्रजी व्ही सारखा त्यांचा नेहमीचा आकार मोडलेला. हृदय चालू, रक्त वाहतंय, डोळे नेहमीच्या आकाराचे. म्हणजे भ्रूण मरायला टेकलेले नव्हते. बिघाड एकाच अवयवाला धरून होता.

इथे एक फरक नीट पाहायला हवा. झेब्राफिशचा भ्रूण वाकडा दिसण्याची कारणं बरीच आहेत. कवचातून उशिरा बाहेर काढला तर शेपटी गुंडाळलेली राहते. पेशींवरच्या केसांसारख्या सिलियांचं जनुक बिघडलं तर सगळं शरीर पोटाकडे कमानीसारखं वळतं. या दोन्हीत शरीर वळलेलं असतं, पण नोटोकॉर्ड त्या वळणाबरोबर अखंड, गुळगुळीत जातं. इथे शरीराची रेषा बऱ्यापैकी सरळ आणि आतली दांडी मात्र लाटालाटांची होती. म्हणजे दोष आवरणात. नवख्या माणसाच्या वहीत दोन्हींची नोंद ‘वाकडा’ अशीच होते आणि मग महिनाभराची मोजणी वाया जाते. आमच्याकडे म्हणून प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या भ्रूणाचं चित्र हाताने काढायची सक्ती आहे. फोटो वेगळा, चित्र वेगळं. चित्र काढताना नोटोकॉर्ड कुठून कुठे जातं हे बघावंच लागतं.

पहिला विचार मोजणीत काही गफलत आहे का, हा. चौथ्या हिश्श्याला थोडं मागेपुढे होणं चालतं. समजा ८० भ्रूण आहेत, तर २० अपेक्षित. २६ आले तर काय-वर्गाची (अपेक्षा आणि मोजणी यांतला फरक योगायोगाचा आहे का, हे सांगणाऱ्या आकड्याची) किंमत २.४ येते, ३.८४ च्या आत, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येतं. ३१ आले तर ती ८ च्या वर जाते, मग शोध घ्यायला हवा. आमच्या डिशमध्ये तर सरळ भ्रूण शोधावे लागत होते, काय-वर्ग काढायची गरजच नव्हती.

मग साध्या माशांची डिश काढली. उत्परिवर्तित वाणाच्या जोड्या लावल्या की त्याच सकाळी साध्या माशांची एक तरी जोडी लावायची, तेच पाणी, तोच इन्क्युबेटर, तोच कप्पा. त्या डिशमध्येही लाटा. ज्यांच्या आईबापांत बिघडलेलं जनुकच नाही, त्यांच्यातही.

ही डिश नसती तर आम्ही एका चुकीच्या दिशेने बरंच लांब गेलो असतो. आपल्या वाणात दुसरं एखादं उत्परिवर्तन घुसलं का, क्रिस्परने भलत्याच ठिकाणी कात्री लावली का, असे प्रश्न अशा वेळी पहिले सुचतात, कारण ते चित्तवेधक असतात. नोटोकॉर्डच्या उत्परिवर्तितांची तर मोठी परंपराच आहे. १९९६ मध्ये ट्युबिंगेनला क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या आणि बोस्टनला वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या गटाने हजारो माशांच्या वंशावळी तपासून शेकडो उत्परिवर्तितं एकदम प्रसिद्ध केली. नोटोकॉर्ड नीट न घडल्यामुळे बुटके राहणारे जे भ्रूण त्यांत सापडले, त्यांना परीकथेतल्या सात बुटक्यांची नावं मिळाली. स्लीपी आणि ग्रम्पी यांच्यात आवरणातलं लॅमिनिन हे प्रथिन बिघडलेलं असतं, हे नंतर कळलं. असं वाचलेलं डोक्यात असलं की प्रत्येक वाकडी दांडी नव्या जनुकासारखी दिसू लागते. पण जनुक मोजून वाटलं जातं. अर्धे, चौथा हिस्सा, फार तर आईच्या जनुकाचा परिणाम असला तर एका मादीची सगळी पिल्लं. वेगवेगळ्या वाणांच्या वेगवेगळ्या माद्यांची सगळी पिल्लं एकाच दिवशी एकाच तऱ्हेने बिघडली, तर कारण डिशमध्ये किंवा डिशबाहेर आहे, माशात नाही.

तापमान लगेच तपासलं. नोव्हेंबरात नाशिकची रात्र झपाट्याने गार होते आणि वीज गेली तर इन्क्युबेटर दोन-तीन अंशांनी सहज उतरतो. २८.५ अंशांना जी अवस्था २४ तासांत येते, ती २६ अंशांना जवळपास २८ तासांनी येते. याचं सूत्र चार्ल्स किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ च्या अवस्थांच्या कोष्टकाबरोबर दिलं आहे: तापमानाला ०.०५५ ने गुणायचं, त्यातून ०.५७ वजा करायचे आणि जे येईल त्याने प्रमाण तासांना भागायचं. २५ ते ३३ अंशांच्या दरम्यान ते छान चालतं. पण गारठ्याने भ्रूण मागे पडतो, त्याची दांडी वाकत नाही. कमाल-किमान तापमापीवरही रात्रभरात काही वावगं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ४८ तास भरले, आणि त्या सकाळी मला या कामातलं सर्वांत सुंदर दृश्य दिसलं. तीस तासांना काळा रंग नुकता धरू लागलेला असतो, त्यावर विसंबून निवाडा करता येत नाही. ४८ तासांना तो ठळक असतो: डोळा काळा कुळकुळीत, पाठीवर आणि पिवळ्या बलकावर काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्या. आमच्या वाणाच्या डिशमध्ये बरोबर चौथ्या हिश्श्याच्या आसपास भ्रूण बिनरंगाचे होते, काचेसारखे. उरलेल्यांचा रंग पूर्ण. आणि लाटा मात्र दोघांतही. साध्या माशांच्या डिशमध्ये बिनरंगाचा एकही नाही, लाटा सगळ्यांत.

एकाच जनुकाची दोन लक्षणं इथे एकमेकांपासून सुटी झाली होती. रंग मेंडेलच्या हिशेबाने वाटला गेला होता, दांडी वाटली गेली नव्हती. म्हणजे जनुक आपलं काम चोख करत होतं आणि त्याच्यावर आणखी काहीतरी बसलं होतं. ते जे काही होतं, ते टायरोसिनेजला धक्का न लावता लायसिल ऑक्सिडेजच्या वाटेला गेलं होतं. (डिशमध्ये कोणी पीटीयू हे रंग रोखणारं रसायन घातलं नव्हतं, हे आधी विचारून घेतलं. रंग येऊ नये म्हणून ०.००३ टक्के पीटीयू घालायची पद्धत आहे. ते घातलं असतं तर सगळेच फिक्के झाले असते आणि हा फरक झाकला गेला असता.)

लायसिल ऑक्सिडेजच्या वाटेला जाणारी आणि भ्रूणात नेमक्या अशाच लाटा आणणारी रसायनं बऱ्यापैकी माहितीतली आहेत: थायराम, झायराम आणि एकूणच डायथायोकार्बामेटचं कुळ. हे नाव मी घेतल्याबरोबर दुसरा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, मॅन्कोझेब त्यातलंच ना? आमच्याकडे केवड्यासाठी तेच मारतात. सध्या फवारण्या जोरात आहेत."

घर त्याचं दिंडोरीकडे, द्राक्षबागेतलं. शंका रास्त होती. ऑक्टोबर छाटणीनंतरचे हे दिवस म्हणजे कोवळ्या फुटीवर केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांची भीती, पहाटेचं दव, आणि बागेबागेतून फवारणीचा आवाज. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक याच कुळातलं आहे. पण शंका कितीही पटण्याजोगी असली तरी तिला डिश लावावीच लागते. आमचं पाणी नळाचं, ते गाळून, कार्बनमधून आणि आरओमधून येतं. मॅन्कोझेब पाण्यात फारसं विरघळत नाही आणि पडल्यावर लवकर विघटित होतं. एवढ्यावरून बागांना निर्दोष ठरवणंही बरोबर झालं नसतं.

त्या दिवशी दुपारी पाण्याच्या वाटेचे टप्पे पाडले. पहिली डिश: विकतच्या डिस्टिल्ड पाण्यात ताजं बनवलेलं ई३, काचेच्या चंबूतलं. दुसरी: आरओच्या नळाखाली थेट काचेच्या चंबूत धरलेलं पाणी आणि त्याचं ई३. तिसरी: कॅनचं झाकण उघडून काचेच्या पिपेटने वरून काढलेलं ई३. चौथी: तोटीला लावलेल्या नळीतून रात्रभर थांबलेलं, सकाळचं पहिलं पाणी. पाचवी: त्याच नळीतून दोन लिटर वाहून गेल्यावरचं पाणी. सगळ्या डिश काचेच्या, प्रत्येकीत एकाच साध्या जोडीची सारखी अंडी, आणि डिशच्या तळाला फक्त खुणेचं अक्षर. मोजणाऱ्याला कोणतं पाणी कोणत्या डिशमध्ये आहे ते माहीत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. लाटा बारीक असतात तेव्हा ‘आहे की नाही’ हे बघणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहतं, आणि द्राक्षबागेचं नाव एकदा उच्चारलं गेलं की आरओच्या डिशमध्येही लाटा दिसायला लागतात.

नव्या अंड्यांवर निकाल आला तो असा: पहिल्या तिन्ही डिश सरळ. चौथीत जवळजवळ सगळे वाकडे. पाचवीत वाकडे कमी, आणि त्यांच्याही लाटा उथळ, फक्त शेपटीत. नळाचं पाणी, आरओ, मीठ, कॅन सगळे सुटले. राहिली ती तोटीपासून डिशपर्यंतची हातभर नळी.

जुनी पारदर्शक नळी चिरली होती म्हणून सुट्टीत ती बदलली गेली होती. नवी नळी काळ्या रबराची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती. पाण्याच्या कामाला ती उत्तमच आहे, आणि बदलणाऱ्याने गळती थांबवून काम चोख केलं होतं. पण रबर घट्ट आणि लवचीक करण्यासाठी ते गंधकाबरोबर तापवतात, आणि ती क्रिया लवकर व्हावी म्हणून थायराम, झिंकचे डायथायोकार्बामेट अशी द्रव्यं त्यात घालतात. सगळी खपत नाहीत. जी उरतात ती नळीत थांबलेल्या पाण्यात हळूहळू उतरतात. जितका वेळ थांबलेलं पाणी, तितकी मात्रा जास्त. चौथ्या आणि पाचव्या डिशमधला फरक तोच सांगत होता. बुरशी मारणारं आणि रबर पिकवणारं, रसायनाचं कुळ एकच. बागेत ते पिंपातून येतं, आमच्याकडे नळीतून आलं होतं.

खात्रीसाठी नळीचा पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून १०० मिलिलिटर ताज्या ई३ मध्ये २८.५ अंशांना रात्रभर ठेवला, सिलिकॉन नळीचा तेवढाच तुकडा दुसऱ्या चंबूत. रबराच्या पाण्यात लाटा, सिलिकॉनच्या पाण्यात नाहीत. रबराचं पाणी दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत गेल्यावर लाटा उतरत गेल्या. पातळ केल्यावर लक्षण पायरीपायरीने उतरलं नसतं तर मी नळीवर आरोप ठेवला नसता.

इथेच थांबता आलं असतं. पण या रसायनांबद्दल एक सुरेख गोष्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे, आणि ती डोळ्यांनी बघायची संधी सोडवेना. थायराम वर्गातल्या रसायनांनी आवरण कच्चं होतं, पण दांडी वाकते ती भ्रूण स्वतः हलू लागल्यावर. साधारण सतराव्या तासाला स्नायू पहिल्यांदा आपोआप आकसतात, भ्रूण कवचात झटके देतो. कच्च्या आवरणाला ते झटके सोसत नाहीत आणि घड्या पडतात. भूल देऊन झटके थांबवले तर दांडी सरळच राहते.

अडचण वेळेची. साडेनऊची अंडी सतरा तासांची होतात रात्री अडीचला. तिथे किमेल यांचं सूत्र कामाला आलं. अंडी २५ अंशांना ठेवली की भागाकार ०.८०५ ने होतो, सतरा तासांची अवस्था एकवीस तासांनी येते, म्हणजे सकाळी साडेसहाला. सहाला भूल घातली: ट्रायकेन, १०० मिलिलिटरमध्ये ४.२ मिलिलिटर या प्रमाणात, मूळ द्रावण ०.४ टक्के आणि ट्रिसने पीएच ७ ला आणलेलं. हे पीएचचं विसरू नये. ट्रायकेन पाण्यात आम्ल होतं आणि तसंच घातलं तर भ्रूण भुलीने नाही, आम्लाने आजारी पडतात. चार डिश: साधं ई३, साधं ई३ अधिक भूल, रबराचं पाणी, रबराचं पाणी अधिक भूल. मग इन्क्युबेटर २८.५ ला. संध्याकाळी साडेसातला तीस तासांची अवस्था.

रबराच्या पाण्यातल्या न हलणाऱ्या भ्रूणांची दांडी सरळ होती. शेजारच्या डिशमध्ये, त्याच पाण्यात, त्याच मादीची अंडी, हलू दिलेली: लाटा. मुलं आळीपाळीने सूक्ष्मदर्शकापाशी बसत होती आणि कोणी उठायला तयार नव्हतं. शरीर घडताना जनुक, रसायन आणि निव्वळ स्नायूंचा ओढा हे तिघं एकाच जागी कसे भेटतात, हे शिकवायला मला याहून चांगली डिश आजवर मिळालेली नाही.

त्याच आठवड्यात सिलिकॉन नळी बसवली. वाणाच्या जोड्या पुन्हा लावल्या, आणि तेव्हा जे फिक्के तेच वाकडे, बाकीचे सरळ. तरी जनुकाची तपासणी केलीच. एकेक भ्रूण ५० मायक्रोलिटर ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ अंशांना वीस मिनिटं, मग बर्फावर, मग त्यात पाच मायक्रोलिटर एक मोलर ट्रिस, पीएच ८. यातलं एक मायक्रोलिटर पीसीआरला, म्हणजे जनुकाच्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायला, पुरतं. मग तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ते पाहायचे. सात बेसचा फरक साध्या एक टक्का अगारोज जेलवर दिसत नाही. पॉलिअॅक्रिलामाइडवर दिसतो, आणि एक प्रत बिघडलेल्या भ्रूणात दोन वेगळ्या प्रतींचे धागे बेमेल जुळतात, त्यांचा पट्टा वर रेंगाळतो, म्हणून ते चटकन ओळखू येतात. फिक्क्यांमध्ये चांगली प्रत कुठेच नव्हती.

खोलीत आता रबराचा हिशेब ठेवला जातो. भ्रूणांच्या पाण्याच्या वाटेत सिलिकॉन किंवा काच. तोटीच्या आतला वायसरही सिलिकॉनचा, कारण पहिल्या फेरीत तो आमच्या नजरेतून सुटला असता. पाश्चर पिपेटचं पाणी वरच्या रबरी फुग्यापर्यंत चढू द्यायचं नाही. सिरिंजमध्ये ई३ भरून ठेवायचं नाही, दट्ट्याच्या टोकाला काळं रबर असतं. हातमोजे घातलेली बोटं डिशमध्ये बुडवायची नाहीत. ते बनवतानाही हीच द्रव्यं वापरतात. आणि कुठलाही नवा भाग, मग तो पाचशेचा असो की पाच रुपयांचा, वापरात घेण्याआधी ई३ मध्ये रात्रभर भिजत ठेवायचा, त्या पाण्यात एक तासाची वीस-पंचवीस साधी अंडी टाकायची, शेजारी ताज्या ई३ ची डिश. तीस तासांनी नोटोकॉर्ड, ४८ तासांनी रंग आणि हृदयाभोवतीची सूज, पाचव्या दिवशी पोटात हवेची पिशवी फुगली की नाही ते बघायचं. ही पिशवी सर्वांत नाजूक. बाकी सगळं ठीक दिसूनही ती फुगली नाही तर तो भाग परत जातो. अंडी आठवड्याला उरतातच, त्यामुळे या तपासणीला वेगळा खर्च नाही, फक्त पाच दिवस थांबायची तयारी लागते.